मुळशीचं पाणी, मुंबईचा दिवा

मागच्या महिन्यात मी आणि दादरला राहणाऱ्या एका मैत्रिणीने आमची लाइट बिलं शेजारी ठेवून पाहिली. माझा फ्लॅट कोथरूडचा. दोन्ही घरांत एक फ्रिज, एक वॉशिंग मशीन आणि दिवसभर चालणारा लॅपटॉप. युनिटचा दर मात्र माझा जास्त. राज्य एकच, दर मंजूर करणारा वीज नियामक आयोगही एकच. मग फरक कुठला?

बग सापडत नसेल तर आम्ही इंजिनिअर लोक जुना कोड उघडतो. तसं मागे जाताना मी १९२१ सालात पोचलो, तेही घरापासून तास-दीड तासावर, मुळशीत.

मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. टाटांचं खोपोलीचं वीजघर १९१५ साली सुरू झालं, भिवपुरीचं १९२२ साली. पुढचं धरण ठरलं मुळा आणि निळा नद्यांच्या संगमावर. पूर्वेला पुण्याकडे वाहणारं पाणी अडवायचं, सह्याद्रीतून पश्चिमेला वळवायचं आणि सुमारे ५०० मीटर खाली कोकणात, भिऱ्याच्या वीजघरात सोडायचं. त्यासाठी खोऱ्यातली सुमारे ५० गावं आणि त्यांची भातखाचरं जाणार होती.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पुढे विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट होते. बापटांना ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्याने दिली. लढा हरला, धरण झालं. १९२७ साली भिरा सुरू झालं आणि वीज मुंबईला गेली.

पाणी पुणे जिल्ह्याचं, मग वीज मुंबईला कशी? कारण धरण कुणाच्या जवळ आहे यावर विजेचा हिशोब ठरत नाही, परवान्याच्या हद्दीवर ठरतो. १९१०च्या वीज कायद्याने वितरकाला ठरावीक भागापुरता परवाना मिळे. त्या हद्दीत तुमच्यासोबत आणखी कोण आहे, यावर तुमचा दर बराचसा अवलंबून असतो.

मुंबईची हद्द छोटी. लाखो ग्राहक दाटीवाटीने राहणारे, तारा आखूड, दुकानं आणि ऑफिसं भरपूर, शेतीपंप जवळपास नाहीत. उरलेला महाराष्ट्र १९६० साली स्थापन झालेल्या राज्य विद्युत मंडळाच्या वाट्याला आला. मंडळाने वाड्यावस्त्यांपर्यंत खांब नेले, विहिरींवर पंप चालले. शेतीला वीज स्वस्त द्यायची आणि तूट कारखाने, दुकानं व जास्त युनिट वापरणाऱ्या घरांकडून भरून काढायची, याला म्हणतात क्रॉस सबसिडी. २००५ साली मंडळाचं विभाजन होऊन वितरण महावितरणकडे आलं. हद्द जवळपास तीच राहिली. कोथरूडचा माझा फ्लॅट आणि मराठवाड्यातला एखादा पंप आजही एकाच हिशोबात आहेत.

एकाच वितरकाच्या हद्दीतही दर वेगळा पडू शकतो, हेही पुण्यानेच पाहिलंय. २००६ साली राज्यभर लोडशेडिंग होतं. पुण्यातल्या कारखान्यांनी आपली गरज स्वतःच्या जनरेटरवर भागवली आणि ग्रिडवरची तेवढी वीज शहराला मिळाली. जनरेटरचा जादा खर्च शहरातल्या मोठ्या ग्राहकांच्या बिलात ‘रिलायबिलिटी चार्ज’ म्हणून आला. इतर गावांत तासन्‌तास अंधार असताना पुण्याने पैसे मोजून दिवे चालू ठेवले.

बिल कमी आलं तर मलाही आवडेल. पण त्या पंपाचा भार माझ्या बिलात आहे, याचा पूर्वीइतका राग येत नाही. तो भार आकड्यात मांडता येतो, आयोगाच्या जाहीर सुनावणीत त्यावर भांडता येतं. मैत्रिणीच्या बिलावर मी स्थिर आकार पाहिला, वहन आकार पाहिला, वीज शुल्क पाहिलं. मुळशीच्या बुडालेल्या खाचरांसाठी कुठेच रकाना नव्हता. माझ्या बिलावरही नाही.