अंगावरून पांढरं जाणं : ओरत्तनाडूच्या छत्रातून सुरू होणारी गोष्ट

तंजावरच्या मराठ्यांबद्दल आपण बरंच बोललो. आजचा विषय मात्र असा आहे, की घरात मोठ्याने ऐकत असाल तर काहीजणी आवाज कमी करतील. करू नका.

तंजावरहून पट्टुक्कोट्टैच्या रस्त्याला ओरत्तनाडु लागतं. सरफोजीराजे दुसरे यांनी 19व्या शतकाच्या अगदी सुरुवातीला, आपली सहचारिणी मुक्तांबा हिच्या स्मरणार्थ तिथे मोठं छत्र बांधलं. छत्र म्हणजे वाटसरूंना जेवण आणि मुक्काम. पण तंजावरच्या छत्रांमध्ये त्याहून जास्त काही होतं. 1801 साली राजांनी इंग्रज रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात छत्रांच्या कामाची माहिती आहे. आजार, सूज, विषबाधा यांवर उपचार करणारे वैद्य तिथे होते. गरोदर बाई आली तर तिची जपणूक व्हायची, छत्रातच बाळंत झाली तर खर्च सरकारचा, आणि बाळंतपणानंतर तीन महिने राहायची मुभा होती.

हे वाचलं तेव्हा मला प्रश्न पडला, की त्या बाया वैद्याला काय सांगत असतील? गरोदरपणात बऱ्याचदा उद्भवणारी एक तक्रार म्हणजे योनीत खाज, आग आणि घट्ट पांढरा स्राव. मराठीत आपण म्हणतो 'अंगावरून पांढरं जातं'. तमिळमध्ये 'वेळ्ळैपडुदल', म्हणजे तेही पांढरंच. दोन्ही भाषांनी रंगाला नाव दिलं, कारणाला नाही. गोंधळ तिथूनच सुरू होतो, कारण पांढरं अनेक कारणांनी जातं, आणि थोडंफार जाणं तर आजारही नसतो.

वैद्यांकडे याहून बारीक वर्गीकरण होतं. चरकसंहितेत वीस योनिव्यापद आहेत. त्यात कफामुळे चिकटपणा आणि खाज असणारा एक प्रकार आहे, आणि गर्भिणीला पांढरा स्राव होतो ती 'उपप्लुता' वेगळी सांगितली आहे. निरीक्षण पक्कं होतं. दिसत नव्हती ती बुरशी.

सरफोजीराजे 1832 मध्ये गेले. 1839 मध्ये जर्मनीत लांगेनबेक यांना एका रुग्णाच्या घशातल्या पांढऱ्या थरात बुरशी दिसली. 1849 मध्ये इंग्लंडच्या विल्किन्सन यांनी ती योनीतल्या स्रावात नोंदवली. 'कॅन्डिडा' हे नाव क्रिस्टीन बेर्खाउट या डच बाईंनी 1923 साली दिलं.

ही यीस्ट बऱ्याच बायकांच्या अंगात शांतपणे राहते. सोबतचे लॅक्टोबॅसिलस जिवाणू तिला आवरून धरतात. अँटिबायोटिकने ते मेले, रक्तातली साखर वाढली, प्रतिकारशक्ती घटली, की ती फोफावते. गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढतं, त्यामुळे योनीच्या अस्तरात ग्लायकोजेन साठतं, म्हणजे यीस्टला आयतं खाणं. यात अस्वच्छतेचा किंवा चारित्र्याचा काही संबंध नाही. उलट साबणाने आतून धुण्याने त्रास वाढतो.

औषधाची गोष्ट मला फार आवडते. न्यूयॉर्कमध्ये एलिझाबेथ हेझन मातीचे नमुने तपासायच्या आणि उपयोगी वाटलेले जीव बरणीत घालून पोस्टाने ऑल्बनीला रेचेल ब्राउनकडे पाठवायच्या. व्हर्जिनियातल्या एका ओळखीच्या शेतातल्या मातीने यश दिलं, आणि 1950 मध्ये 'निस्टॅटिन' जाहीर झालं. मिळालेला पैसा दोघींनी संशोधनालाच दिला. पुढे क्लोट्रिमॅझोल आलं, मग फ्लुकोनॅझोल.

माझं सांगते. काही वर्षांपूर्वी दाताच्या अँटिबायोटिकनंतर मला हा त्रास झाला. लाजेपोटी दुकानातून 'खाजेचं मलम' आणलं. त्यात स्टेरॉइड होतं. दोन दिवस बरं वाटलं, मग आग दुपटीने परतली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि पाच मिनिटांत निदान झालं.

निदान महत्त्वाचं, कारण नासलेल्या दुधासारखा, फारसा वास नसलेला स्राव आणि खाज असेल तर बहुधा यीस्ट. मासळीसारखा वास असेल तर जिवाणूंचा वेगळा आजार, त्यावर बुरशीचं औषध चालत नाही. साध्या यीस्टला क्लोट्रिमॅझोलची योनीत ठेवायची गोळी, किंवा फ्लुकोनॅझोल 150 मिलिग्रॅमची एक गोळी पुरते. गरोदर बाईने मात्र तोंडावाटे फ्लुकोनॅझोल टाळावं. तिला योनीत ठेवायचंच औषध देतात, साधारण सात दिवस. वर्षात तीन-चारदा परतत असेल तर साखर तपासायची, स्रावाची तपासणी करायची. अशा वेळी डॉक्टर दर आठवड्याला एक फ्लुकोनॅझोल असं सहा महिने देतात. काही जातींच्या कॅन्डिडावर ते चालत नाही, मग बोरिक ॲसिडची गोळी योनीत ठेवायला देतात. ती पोटात गेली तर विष आहे आणि गरोदरपणात वर्ज्य, त्यामुळे स्वतःहून मुळीच नाही. नवऱ्याला लक्षणं नसतील तर त्याला सहसा औषध लागत नाही.

आता परत छत्रात. बाळंतपणानंतर इस्ट्रोजेन झपाट्याने उतरतं, अंगावर पाजणाऱ्या बाईचं तर महिनोन्‌महिने कमी राहतं, आणि यीस्टचं खाणं तुटतं. त्या तीन महिन्यांत कितीतरी जणींची खाज आपोआप शमली असणार. श्रेय मात्र वैद्याच्या काढ्याला गेलं असेल.