तैलमर्दनाचा जमाखर्च

ऑलिंपिया येथील धावण्याच्या शर्यतीत जिंकणाऱ्यांची नावनिशी ग्रीकांनी मोठ्या आस्थेने जतन केली आणि इसवी सनपूर्व 776 च्या नोंदीखाली एलिसच्या कोरोइबोसला तिच्या शिरोभागी बसविले. परंतु सुमारे 192 मीटरांच्या त्या एका दमाच्या धावेपूर्वी ज्यांनी धावकांच्या पोटऱ्या व मांड्या रगडल्या, त्यांचा मागमूस त्या यादीत नाही, आणि तो काढावयाचा तर वैद्याचा ग्रंथ व नगराचे दप्तर यांकडेच वळावे लागते.

वैद्य म्हणजे गेलेन. इसवी सन 129 मध्ये पर्गमम येथे जन्मलेला व तारुण्यात तेथील ग्लॅडिएटरांच्या जखमा बांधलेला हा पंडित आरोग्यरक्षणावरील आपल्या ग्रंथात श्रमापूर्वीचे मर्दन श्रमानंतरच्या मर्दनाहून वेगळे काढतो. आखडलेले शरीर एकाएकी जोराच्या हालचालीस जुंपले असता आत काही तुटण्याचे भय असते, यास्तव प्रथम वस्त्राने अंग चोळून ऊब आणावी, मग तेल घालून हलक्या हाताने आरंभ करावा व दाब क्रमाक्रमाने वाढवीत हात उभा, आडवा, तिरपा असा सर्व दिशांनी फिरवावा, म्हणजे स्नायूचा एकही तंतू सुटणार नाही, असे तो सांगतो. आखाड्यातील वस्तादांविषयी त्याला फारसा आदर नव्हता; तरी ही विद्या त्याने पुष्कळशी त्यांच्याच हातांकडे पाहून उचलली असावी, असे मला वाटते.

पुढची तयारी रोमन कवी स्टेशियस याने पहिल्या शतकातील ‘थीबेइड’ महाकाव्यात टिपली आहे: धावक गुडघे मोडून खाली बसतात, तेलाने निसरड्या झालेल्या छातीवर थापा मारतात, पाय झपाझप उचलतात आणि चार पावले सुसाट धावून अवचित थांबतात. आजच्या शंभर मीटरच्या शर्यतीपूर्वी याहून निराळे काय चालते?

तेल मात्र फुकट येत नसे. व्यायामशाळेचा अधिकारी त्याचा बंदोबस्त पाही व पुष्कळदा पदरमोडही करी. मॅसिडोनियातील बेरोइया नगराच्या इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातील शिलालेखात तर, काशाच्या वाकड्या पात्याने अंगावरून खरवडलेल्या घामट, धुळकट तेलाचाही मक्ता विकावा आणि मक्तेदाराने आखाड्याची रखवाली सांभाळावी, अशी शर्त घातलेली आहे. या मळाला गिऱ्हाईक होते ते औषध म्हणून; व्यायामशाळांच्या अधिकाऱ्यांनी तो 80,000 सेस्टर्स या रोमन नाण्यांना विकल्याचे रोमन ग्रंथकार प्लिनी नमूद करतो, आणि मऊ करणे व ऊब आणणे हेच गुण त्याच्या अंगी असल्याचे सांगून आखाड्याच्या चिखलात मिसळलेला मळ सांध्यांवर विशेष गुणकारी ठरवतो.