उंदीर पडू लागले तेव्हा

बडोदे संस्थानातल्या उंडेरा या खेड्यात १८९८च्या फेब्रुवारीत वाल्डेमार हाफकिन पोहोचले तेव्हा गावात प्लेग शिरलेला होता. हाफकिन यांच्याजवळ त्यांनीच मुंबईत बनवलेली लस होती, आणि ती त्यांनी मुद्दाम निम्म्या गावाला टोचली. घरोघरची माणसे समोर बसवून प्रत्येक कुटुंबातल्या साधारण अर्ध्यांना लस द्यायची, अर्ध्यांना वगळायचे. बाप्ये, बायका, पोरे, धडधाकट आणि अशक्त यांचे प्रमाण दोन्हीकडे सारखे राहील असे बघायचे. छप्पर एक, चूल एक, आढ्यावरचे उंदीरही तेच. फरक फक्त सुईचा.

काही आठवड्यांनी तपासणी झाली तेव्हा २८ घरांत प्लेग होऊन गेलेला आढळला. त्या घरांत लस न घेतलेली माणसे होती ६४. त्यांतली २७ आजारी पडली आणि २६ मेली. लस घेतलेली होती ७१. त्यांतली आजारी पडली ८, मेली ३.

लशीच्या बाजूने याहून स्पष्ट पुरावा त्या काळी नव्हता, आणि उंडेऱ्याची गोष्ट सांगणारे बहुधा इथेच थांबतात. पण याच आकड्यांत आणखी काही दडलेले आहे. लस न घेतलेल्या ६४ पैकी ३७ जणांना काहीही झाले नाही. घरात प्लेग, शेजारच्या अंथरुणावर मरण, आणि ही माणसे सुखरूप. आपण कशामुळे वाचलो असे त्यांना विचारले असते तर बहुतेकांकडे उत्तर तयार असते: कुणी देवीला नवस बोलला असेल, कुणी दाराला कडुनिंब बांधला असेल, कुणी नुसता दूर झोपला असेल. उलट लस घेऊनही गेलेल्या तिघांच्या घरच्यांनी सुईच्या नावाने बोटे मोडली असतील. एकेका घरातून पाहिले तर खबरदारी आणि नशीब यांत फरक करताच येत नाही. तो दिसायला सगळ्या घरांची यादी लागते.

कोविडच्या दोन-अडीच वर्षांत हा वाद घरोघरी झाला. मास्क लावून, भाजी धुऊन, दार लावून बसलेल्याला झाला आणि बाजारभर हिंडणाऱ्याला नाही, असे उदाहरण नसलेली गल्ली सापडणे कठीण. मुंबई-पुण्याने हा वाद सव्वाशे वर्षांपूर्वी जास्त भीषण परिस्थितीत घातला होता. तेव्हा एक अडचण मोठी होती. रोग कुठल्या वाटेने येतो, हेच कुणाला ठाऊक नव्हते.

मुंबईत प्लेग ओळखला तो डॉ. अकासियो गाब्रियल व्हिएगास यांनी. गोव्यातल्या हडफड्याचे हे डॉक्टर मांडवीत दवाखाना चालवत. २३ सप्टेंबर १८९६ रोजी त्यांनी हा गाठीचा प्लेगच आहे, असे सांगितले. हाँगकाँगमध्ये दोन वर्षे आधी साथ झाली होती, येर्सिन आणि कितासातो यांनी तिथेच त्याचे जंतू पाहिले होते. जंतू सापडले होते, त्यांचे वाहन सापडायचे होते. मांडवी हा बंदराला लागून असलेला धान्याच्या वखारींचा भाग. वखारी आल्या की उंदीर आले, आणि त्यांच्याच मजल्यांवर माणसे दाटीवाटीने राहत. धोबीतलावाला मेट्रो सिनेमासमोर व्हिएगास यांचा पुतळा आहे. रोज हजारो माणसे त्याला वळसा घालून जातात, पण हा कोण हे सांगणारा क्वचित भेटेल.

सरकारी खबरदारी लगेच सुरू झाली आणि ती कमी मुळीच नव्हती. घाणीतून आणि दूषित हवेतून रोग येतो या समजुतीवर घरे कार्बोलिक अॅसिडने धुतली गेली, चुन्याने रंगवली गेली, उजेड यावा म्हणून छपरांची कौले उतरवली गेली. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यू.एच.एच.’ ही तीन इंग्रजी अक्षरे रंगवली जात. गटारांत पाण्याचे लोट सोडले. आज आपल्याला कळते की त्या पाण्याने गटारातले उंदीर वर, घरांतच पिटाळले गेले असणार. खबरदारी मनापासून घेतलेली, खर्चिक, आणि बहुतांशी चुकीच्या दिशेने. ऑक्टोबरच्या अखेरीस संतापलेल्या गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला. तिथे नेलेला माणूस परत येत नाही, एवढेच त्यांना दिसत होते.

मग शहर रिकामे होऊ लागले. १८९७च्या सुरुवातीपर्यंत साडेआठ लाखांच्या आतबाहेर असलेल्या मुंबईतली निम्म्याच्या जवळपास माणसे आगगाडीने, गलबताने, पायी निघून गेली. जाणाऱ्यांपुरते हे शहाणपण होते. पण गाठोड्यांतून, कपड्यांतून, धान्याच्या पोत्यांतून प्लेगही सोबत गेला. एकाची खबरदारी दुसऱ्याचे दुर्दैव होते ते असे.

पुण्याची हकिकत मराठी वाचकाला पाठ आहे. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला, त्याच महिन्यात वॉल्टर चार्ल्स रँड पुण्यात आला आणि मार्चपासून गोऱ्या शिपायांनी पेठांतल्या वाड्यांची झडती सुरू केली. देवघरात बूट, बायकांची तपासणी, रस्त्यावर पेटवलेले सामान. आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकरांच्या गोळ्या. यात एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. मेच्या उत्तरार्धात रँडने मोहीम आवरती घेतली, कारण साथ ओसरली होती. सरकारी अहवालात ते मोहिमेचे यश म्हणून नोंदले गेले. पण दख्खनेत प्लेग कडक उन्हाळ्यात एरवीही ओसरतो; उष्ण, कोरड्या हवेत पिसवा टिकत नाहीत. रँडला ऋतूने हात दिला होता. त्याच वर्षी पावसाळ्यानंतर पुण्यात प्लेग परतला तो पहिल्यापेक्षा भयंकर रूपात.

याच काळात मुंढव्याच्या महारवाड्यातून पांडुरंग बाबाजी गायकवाड हा आजारी मुलगा सावित्रीबाई फुले यांनी पाठीवर घालून आपले दत्तकपुत्र डॉ. यशवंतराव यांच्या दवाखान्यात आणला, असे सांगतात. मुलगा वाचला. सावित्रीबाई १० मार्च १८९७ रोजी प्लेगने गेल्या. टिळक पुण्यातच राहिले, शहर सोडून गेलेल्या पुढाऱ्यांवर ‘केसरी’तून टीका करत राहिले, हिंदूंसाठी प्लेगचे इस्पितळ काढून तिथे जात-येत राहिले, त्यांना काही झाले नाही. मात्र १९०३ मध्ये त्यांचा थोरला मुलगा विश्वनाथ प्लेगनेच गेला. या घटनांवरून पुण्यात प्रारब्धाची चर्चा झाली नसती तरच नवल.

आणि तरीही चमत्कारिक वाटावे असे एक निरीक्षण साथीच्या पहिल्या वर्षांपासून डॉक्टर नोंदवत होते: प्लेगच्या इस्पितळांतल्या नोकरांना, शुश्रूषा करणाऱ्यांना हा रोग क्वचितच होई. अपवाद होते. ग्रँट मेडिकल कॉलेजचे डॉ. मॅन्सर १८९७च्या जानेवारीतच गेले. पण तो फुफ्फुसाचा प्लेग होता आणि तो खोकल्यातून थेट पसरतो. गाठीच्या प्लेगचा रोगी मात्र त्याच्या घरापेक्षा इस्पितळात कमी धोकादायक ठरे. ज्या इस्पितळाला लोक यमपुरी समजत होते, तिथे उंदीर कमी होते, एवढेच त्यामागचे कारण.

लोकांच्या स्वतःच्या खबरदाऱ्यांची पुढे बरीच टिंगल झाली. गावोगाव मरीआईला साकडे घातले गेले, वांद्र्याला ख्रिस्ती वस्त्यांनी क्रूस उभारले. त्यातले काही आजही वाटेवर उभे आहेत. पण गावकऱ्यांना एक गोष्ट डॉक्टरांच्या आधी कळली होती. घरात उंदीर पडू लागले की माणसे मरायला लागतात. म्हणून उंदीर पडला की चूलबोळके उचलायचे आणि गावाबाहेर माळावर झोपडी घालायची. महाराष्ट्रातल्या एका सबंध पिढीच्या आठवणींत हे माळावरचे दिवस आहेत: कुडाच्या झोपड्या, कुलूप लावलेले घर, रात्री गावातून येणारा कुत्र्यांचा आवाज. या उपायामागे सिद्धांत नव्हता आणि कुणा साहेबाने तो शिकवलेला नव्हता. मेलेल्या उंदराला सोडून निघालेल्या भुकेल्या पिसवांपासून माणसाला दूर नेणारा दुसरा उपाय मात्र त्या वेळी कुणाजवळच नव्हता.

पिसवांकडे बोट दाखवले ते पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने. मुंबईत रोग्यांच्या अंगावर त्याला बारीक फोड दिसले, ते पिसू चावल्याचे असावेत असा त्याचा तर्क होता. जून १८९८ मध्ये कराचीत त्याने एका मोठ्या बरणीत पिसवा असलेला आजारी उंदीर ठेवला आणि वर जाळीच्या पिंजऱ्यात निरोगी उंदीर. दोघांचा स्पर्श होणे शक्य नव्हते. वरचाही मेला. सिमोंवर फार थोड्यांनी विश्वास ठेवला. १९०५ नंतर प्लेग संशोधन आयोगाने मुंबईतल्याच घरांत गिनीपिग सोडून हे पडताळले: मोकळे ठेवलेले मेले, पिसवा शिरणार नाहीत अशा बारीक जाळीतले जगले. मांडवीतल्या पहिल्या रोग्यापासून इथवर यायला जवळजवळ दहा वर्षे लागली. तेवढ्या काळात कार्बोलिकचे किती पिंप रस्त्यांवर ओतले गेले याचा विचार केलेला बरा नाही.

हाफकिन यांना वाटेची काळजी करण्याचे कारण नव्हते. लस शरीरात असली की रोग कुठूनही येवो. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत, एक कारकून आणि तीन शिपाई यांच्या मदतीने त्यांनी काही महिन्यांत ती तयार केली, १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली आणि महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ पोहोचली तेव्हा आपणहून पुढे आलेल्या कैद्यांना दिली. पुढच्या काही दिवसांत न टोचलेल्यांत १२ जण आजारी पडले आणि ६ दगावले. टोचलेल्यांत दोघे आजारी पडले, मेले कुणीच नाही. आपल्या अनुयायांची भीती जावी म्हणून तरुण आगाखानांनी सगळ्यांदेखत सुई घेतली.

मग मुल्कोवाल आले. ऑक्टोबर १९०२ च्या अखेरीस पंजाबातल्या या खेड्यात १०७ जणांना लस टोचली आणि त्यांतले १९ धनुर्वाताने मेले. सगळे एकाच बाटलीतून टोचलेले. बाकीच्या बाटल्या निर्धोक होत्या. ती बाटली उघडताना खाली पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता. तरी दोष प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना कामावरून दूर केले गेले. रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी बाजू घेतल्यावर १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. त्या १९ जणांनी तर त्या काळात उपलब्ध असलेली सर्वांत चांगली खबरदारी घेतली होती.

पण शुद्ध नशिबाचे असे प्रसंग बाजूला काढले की उरलेल्या बऱ्याचशा ‘नशिबाचा’ पत्ता सांगता येतो. मुंबईतले युरोपियन प्लेगमधून बहुतांशी सुटले. त्यांची प्रकृती वेगळी म्हणून, त्यांचा आहार वेगळा म्हणून, अशी कारणे त्या काळी दिली गेली. ते प्रशस्त बंगल्यांत राहत होते आणि धान्याच्या वखारींवर झोपत नव्हते, हे कारण पुरेसे होते. सरकारलाही ते अर्धेमुर्धे कळले असावे. १८९८ मध्ये मुंबई शहर सुधारणा ट्रस्ट निघाला, प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते कापले गेले, दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती झाल्या. मात्र सुरुवातीच्या वर्षांत ट्रस्टने जेवढी घरे पाडली तेवढी बांधली नाहीत. उठवलेली माणसे शेजारच्या चाळींत आधीपेक्षा दाटीने राहू लागली, आणि प्लेग त्यांच्याकडे गेला. देशभरात या साथीने एक कोटीहून अधिक माणसे नेली.

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने कोविडसाठी जे आदेश काढले, त्यांना आधार होता तो याच १८९७ च्या कायद्याचा. या वेळी जंतू पहिल्या महिन्यातच ओळखला गेला होता आणि हवेतून येणाऱ्या रोगाची वाट समजायलाही दहा वर्षे लागली नाहीत. मास्क आणि लस यांनी काय साधले हे उंडेऱ्यासारख्याच, पण लाखो माणसांच्या याद्यांवरून दिसले. लस घेऊनही मेलेले होते आणि काहीही न करता वाचलेलेही होते, जसे तेव्हा होते.

जुलै २०२० मध्ये मुंबई महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी माटुंगा, चेंबूर आणि दहिसर या तीन विभागांत रक्ताची तपासणी केली. कोविड होऊन गेल्याची खूण झोपडपट्टीतल्या ५७ टक्के लोकांत सापडली आणि त्याच विभागांतल्या इमारतींत १६ टक्के लोकांत. हात कमी-जास्त धुतल्याने एवढी तफावत पडत नाही. पाहणी करणाऱ्यांनीही कारण म्हणून बोट दाखवले ते दाट वस्तीकडे आणि सामाईक संडास-नळांकडे.