भयानक रस, प्रेक्षकाचा देह आणि चित्रपटगृह

‘अंगावर काटा येणे’, ‘दरदरून घाम फुटणे’, ‘रक्त गोठणे’ हे मराठी वाक्प्रचार भयाची नोंद देहावर करतात. भरताच्या नाट्यशास्त्रातील स्तंभ, स्वेद, रोमांच, वेपथू आदी आठ सात्त्विक भावही देहाचेच विकार होत. मात्र ते पात्राचे असून नटाने प्रकट करावयाचे असतात. अभिनवगुप्ताने शाकुंतलातील, बाणाच्या भीतीने धावणाऱ्या हरिणाचे उदाहरण घेतले. त्याच्या मते हे भय व्यक्ती, देश व काल यांपासून मुक्त होते आणि म्हणूनच आस्वाद्य ठरते. प्रेक्षकाची सुरक्षितता ही येथे रसास्वादाची पूर्वअटच होय.

चित्रपटव्यवसायाने नेमकी हीच अट विक्रीस काढली. १९५८ मध्ये अमेरिकी दिग्दर्शक विल्यम कॅसल यांनी ‘मॅकाब्र’ पाहताना भीतीने मृत्यू आल्यास एक हजार डॉलरचा विमा देऊ केला. २००८ मध्ये रामगोपाल वर्मा यांनी ‘फूँक’ चित्रपटगृहात एकट्याने पाहून दाखविणाऱ्यास पाच लाख रुपयांचे आव्हान दिले. सोबत हृदयाची स्पंदने नोंदविणारे यंत्र होते. सात्त्विक भाव आता नटाकडून प्रेक्षकाकडे सरकले.

या दाव्यांत तथ्य किती? ‘द एक्झॉर्सिस्ट’ (१९७३) पाहिल्यानंतर मानसिक उपचारांची गरज भासलेल्या चार व्यक्तींची नोंद १९७५ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात झाली. ‘रक्त गोठणे’ हा वाक्प्रचारही २०१५ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी २४ निरोगी व्यक्तींवर तपासला. भयपट पाहताना रक्त साकळविणारा आठवा घटक वाढला. प्रत्यक्ष गुठळी होण्याची प्रक्रिया मात्र सुरू झाली नाही.

याउलट, १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’ या मुलांच्या मालिकेने सहाशेहून अधिक मुलांना रुग्णालयात पोहोचविले. कथेत भयानक असे काही नव्हते. सेकंदाला सुमारे बारा वेळा लुकलुकणारा लाल-निळा प्रकाश पुरेसा ठरला. प्रकाशसंवेदी अपस्मार असणाऱ्यास साधारणीकरणाचे कवच लाभत नाही, कारण हा आघात अर्थग्रहणाच्या आधीच होतो.

भय आणि इजा यांतील हा भेद तौलनिक अभ्यासात जपावयास हवा. नारायण धारपांच्या भयकथेचा वाचक पुस्तक मिटू शकतो; अंधाऱ्या प्रेक्षागारात प्रकाश व ध्वनी यांची गती दुसऱ्याच्या हाती असते. ‘दुर्बल हृदयाच्यांनी पाहू नये’ ही जाहिरात झाली. लुकलुकत्या प्रकाशाची साधी पूर्वसूचना हे प्रेक्षकाप्रती असलेले कर्तव्य आहे, आणि पहिलीच्या गलबल्यात दुसरी हरवता कामा नये.