व्यवसायोपचाराची महाराष्ट्रातील वाटचाल : सोमाटणे परिसराच्या संदर्भात

प्रास्ताविक

मावळ तालुक्यातील सोमाटणे हे जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरील गाव. एका बाजूस मावळची भातशेती, तर दुसऱ्या बाजूस तळेगाव परिसरातील कारखानदारी. पक्षाघाताने हात लुळा पडलेला शेतकरी किंवा यंत्रात बोटे सापडलेला कामगार रुग्णालयातून घरी परततो, तेव्हा प्राण वाचलेले असतात. परंतु नित्याचे जीवन हरवलेले असते. ते परत मिळवून देण्यास साहाय्य करणारी शाखा म्हणजे व्यवसायोपचार. मात्र 'व्यवसाय' या शब्दामुळे हे धंदेशिक्षण असावे, असा समज सहज होतो. वस्तुतः या दोन परंपरा भिन्न आहेत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

पहिल्या महायुद्धातील जायबंदी सैनिकांसाठी १९१७ मध्ये मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल स्थापन झाले. पुढे ही संस्था खडकी येथे स्थिरावली. अपंग सैनिकास उपजीविकेचे कौशल्य शिकविणे, हा तिचा हेतू होता. त्याच वर्षी अमेरिकेत व्यवसायोपचाराच्या प्रसारासाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिच्या दृष्टीने काम हे केवळ उपचारानंतरचे साध्य नव्हते, तर उपचाराचेच साधन होते.

हा विचार भारतात रुजविण्याचे श्रेय प्रामुख्याने कमला निंबकर यांना जाते. मूळच्या अमेरिकन असलेल्या एलिझाबेथ लंडी यांनी विवाहानंतर हे नाव स्वीकारले. फिलाडेल्फिया येथे प्रशिक्षण घेऊन त्यांनी १९५० मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात देशातील पहिले व्यवसायोपचार विद्यालय सुरू केले. १९५२ मध्ये अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या १० संस्थापक देशांत भारताचा समावेश होता.

उपचाराचे स्वरूप

येथे 'व्यवसाय' म्हणजे माणसाचा दिवस व्यापणारी प्रत्येक अर्थपूर्ण कृती : स्नान, भोजन, स्वयंपाक, शाळा, शेतीकाम. भौतिकोपचार प्रामुख्याने सांध्यांची हालचाल व स्नायूंचे बळ वाढवितो. व्यवसायोपचारतज्ज्ञ त्या हाताने भाकरीचा घास मोडता येतो काय, हे पाहतो. तो कृतीचे टप्पे पाडून सराव घेतो, हातास आधारपट्टी बनवितो, भांड्याची मूठ जाड करतो, न्हाणीत धरावयास दांडी सुचवितो. सेरेब्रल पाल्सी असलेल्या बालकास पेन्सिल धरणे, हेही याच कक्षेत येते. दोन्ही शाखा परस्परपूरक आहेत.

स्थानिक शोध

सोमाटणेकरांसाठी तळेगाव दाभाडे व पिंपरी-चिंचवड येथील रुग्णालये हा चौकशीचा स्वाभाविक आरंभ होय. तेथे केवळ 'व्यायाम शिकविणारे' असे न विचारता 'ऑक्युपेशनल थेरपिस्ट' अशी नेमकी पृच्छा करणे इष्ट. राज्याच्या २००२ च्या अधिनियमाने व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेची तरतूद केली; २०२१ च्या केंद्रीय कायद्यानेही या शाखेस स्थान दिले. म्हणून पदवी व नोंदणी यांची खातरजमा करणे हा रुग्णाचा हक्क ठरतो. तज्ज्ञाने प्रथम रुग्णाच्या घराची व कामाची विचारपूस करणे, ही योग्य उपचाराची खूण होय.

निष्कर्ष

कौशल्य शिकवून स्वावलंबन देणारी परंपरा आणि कृतीतून उपचार करणारी परंपरा, दोन्ही आवश्यक आहेत. परंतु त्यांतील भेद न उमगल्यास गरजू रुग्ण योग्य दारापर्यंत पोहोचत नाही. संज्ञेचा अर्थ स्पष्ट होणे, ही उपचाराची पहिली पायरी ठरते.