तांडा आणि कारवान

युरोप-अमेरिकेच्या रस्त्यांवर सुट्टीच्या दिवसांत एक दृश्य हमखास दृष्टीस पडते. मोटारीच्या मागे दोन चाकांचे एक छोटेसे घर जोडलेले असते आणि एका कुटुंबाचा आठवड्याभराचा संसार त्यात मावलेला असतो. त्या घराला युरोपात ‘कॅराव्हॅन’ म्हणतात. हे घर विकत घेऊन मालकाचे समाधान होत नाही. दर हंगामाला त्यात काही ना काही सुधारणा करण्याचा त्याला छंदच जडतो. बसण्याच्या बाकाखाली सामानाची पेटी करावी, रात्री त्याच बाकाचा बिछाना व्हावा, जेवणाचे मेज बिजागरीवर दुमडून भिंतीला लागावे, टपावरून कापड ओढून दारापुढे ओसरी करावी, अशा युक्त्यांना अंत नाही. आपणही ही खास पश्चिमेची आणि मोटारयुगाची करामत समजतो. ते पूर्णपणे खरे नाही.

श्रोतेहो, ‘कॅराव्हॅन’ हा शब्दच मुळी पूर्वेकडचा आहे. फारशीतील ‘कारवान’ म्हणजे माणसे, जनावरे आणि माल यांची एकत्र वाटचाल करणारी रांग. हैदराबाद शहरात ‘कारवान’ नावाची जुनी पेठ आजही आहे. इंग्रजीत हा शब्द गेला आणि हळूहळू रांगेचा अर्थ मागे पडून एकट्या गाडीचा अर्थ पुढे आला. १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स नावाच्या डॉक्टरने ब्रिस्टल येथे ‘वाँडरर’ नावाचे, घोड्यांनी ओढावयाचे घर हौसेने बांधवून घेतले. १९१९ पासून बर्मिंगहॅमच्या एक्लिस कंपनीने मोटारीमागे जोडावयाची घरे विक्रीस आणली. कारवानासाठी आपल्या मराठीतला शब्द आहे ‘तांडा’. मात्र त्याचा प्रवास निराळ्या वाटेने झाला. बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमाभागात आज तांडा म्हटले, की चालती रांग कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. लमाणांची वस्ती येते. एका शब्दाची गाडी झाली, दुसऱ्याचे गाव झाले. या दोन वाटा कशा फुटल्या, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

घर सोबत नेणाऱ्या माणसापुढे तीन अडचणी असतात. ओझे कमी हवे. एका वस्तूने दोन कामे केली पाहिजेत. आणि मांडामांड व आवराआवर झटपट झाली पाहिजे. या अडचणींची दोन उत्तरे आपल्या इतिहासात सापडतात. एक बादशहांचे, दुसरे तांड्याचे.

बादशहांचे उत्तर अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त तपशीलवार लिहून ठेवले आहे. अकबराच्या छावणीचे दोन संच असत. एका मुक्कामी बादशहा राही, तोवर दुसरा संच पुढच्या मुक्कामी उभा होई. एक संच वाहून नेण्यास १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० हमाल लागत. तो उभारण्यास १,००० फर्राश असत. छावणीभोवतीचा ‘गुलालबार’ नावाचा लाकडी पडदा चामड्याच्या पट्ट्यांनी जोडलेला असे, त्यामुळे तळ हलविताना त्याच्या घड्या घालता येत. आजच्या फिरत्या घरातील दुमडत्या भिंतीचे हे पूर्वरूपच म्हटले पाहिजे. याहून नवलाची वस्तू म्हणजे एक प्रचंड गाडी. ती एक हत्ती ओढीत असे आणि तिच्यात अनेक स्नानगृहे होती. आणखी एका गाडीची रचना अशी होती, की ती प्रवासास निघाली की तिच्यावर धान्यही दळले जाई.

या दळणाऱ्या गाडीच्या कथेत आपल्या दख्खनचा धागा गुंतलेला आहे. अबुल फजलने या गाडीचे श्रेय बादशहाला दिले आहे. त्या काळच्या अन्य ग्रंथकारांनी मात्र चालत्या गाडीवरील चक्कीचे श्रेय मीर फतहुल्ला शिराझी या विद्वानास दिले आहे. हा शिराझी प्रथम विजापूरच्या अली आदिलशहाच्या आश्रयास होता. शहाच्या मृत्यूनंतर, १५८३ साली, तो अकबराच्या दरबारी गेला आणि १५८९ मध्ये काश्मीरकडील प्रवासात निवर्तला. युक्ती एकाची आणि नाव दुसऱ्याचे, हा प्रकार इतिहासात नवा नाही. पण शिराझीचे नाव निदान कोणी तरी लिहून ठेवले. ज्यांचे नाव कोणीच लिहिले नाही, त्यांच्याकडे आता वळू.

मोगलांची ही राजेशाही छावणी पुढे दख्खनमध्येही अवतरली. १६५७ साली औरंगजेबाने बिदरचा किल्ला घेतला आणि त्याच वर्षी कल्याणीचाही घेतला. हत्ती-उंटांवर तंबू येतील, पण इतक्या माणसांना रोज लागणारे धान्य कोठून यावयाचे? मोठ्या स्वाऱ्यांच्या मागे हे काम बंजारे करीत. त्यांनाच आपण लमाण किंवा लंबाणी म्हणतो. ते स्वतःला ‘गोर’ म्हणवितात आणि बैलांवर माल लादून नेण्याच्या आपल्या धंद्याला ‘लदेणी’ म्हणतात.

पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने १६३२ साली एक तांडा पाहिला. त्यात १४,००० बैल होते आणि सर्वांच्या पाठीवर धान्य लादलेले होते. बायका, मुले आणि सगळी चीजवस्तू बरोबरच चालत होती. दिवसाकाठी सहा-सात मैलांहून अधिक मजल ते मारीत नसत, असे तो लिहितो. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये यानेही दहा-बारा हजार बैलांचे तांडे वर्णिले आहेत. एका बैलावर सुमारे दीडशे किलो ओझे लादले जाई, असा हिशेब त्याच्या आकड्यांवरून निघतो. त्याने आणखी एक गोष्ट सांगितली आहे. अरुंद वाटेवर असा तांडा समोरून आला, की तो पार होईपर्यंत इतर प्रवाशांना कधी कधी दोन-तीन दिवस थांबून राहावे लागे.

आता या तांड्याचे घर पाहा. त्याचा पाया म्हणजे गोणी. बैलाच्या पाठीच्या दोन्ही अंगांस सारख्या वजनाने लोंबणारी ही जाड विणीची जोडपिशवी दिवसा मालाचे भांडे असे. मुक्काम पडला, की त्याच गोण्या एकावर एक रचून त्यांची भिंत होई. वर कापडाचे पाल ताणले, की घर झाले. मागे चोर किंवा श्वापद आले, तर तीच भिंत कोट होई. सकाळी गोण्या पुन्हा बैलांवर चढल्या, की घर चालू लागे. भिंत वेगळी वाहून नेण्याचा खर्चच नाही. जो माल विकावयाचा, त्याच मालाची भिंत! बादशहाच्या गुलालबाराहून ही युक्ती मला अधिक बुद्धिमान वाटते. गुलालबाराला हत्ती लागे आणि हत्तीला वैरण. गोणीची भिंत मात्र पोट भरून देत होती.

बैलांविषयीही तीच गोष्ट. हा बैल वाटेवरच्या माळावर चरत जाई. त्यामुळे त्याच्या वैरणीचा भार कोणावर पडत नसे आणि वाहतूक स्वस्त होई. दिवसाला सहा मैल हा संथपणा आळसाचा नव्हता. चरायला वेळ मिळावा म्हणून तो हिशेबाने राखलेला होता. तांड्याच्या पुढे घुंगरमाळा आणि कवड्यांनी सजविलेला बैल चाले. त्याच्या घंटांचा आवाज धुळीत आणि अंधारातही मागच्यांना वाट दाखवी. रात्रीचा पहारा कुत्री करीत. बायकांच्या कशिद्याच्या पिशव्या, डोक्यावर घागर बसविण्याची कवड्यांनी मढविलेली चुंबळ, आरसे टाकलेली वस्त्रे, या सगळ्यांकडे आपण शोभा म्हणून पाहतो. परंतु जिला पेटी-कपाट ठेवता येत नाही, त्या गृहिणीला आपली ठेव अंगावर आणि पिशवीतच बाळगावी लागते. ही शोभा म्हणजे तिचे कपाट होते.

अशी माणसे राज्यकर्त्यांना हवीच होती. १६३० च्या सुमारास आसफखानाच्या विजापूरवरील स्वारीबरोबर भंगी आणि जंगी नावाचे दोन नायक १,८०,००० बैल घेऊन आले होते, अशी बंजाऱ्यांत आख्यायिका आहे. बैलांची तहान-भूक भागविण्यासाठी गावातील रांजणाचे पाणी आणि वेळ पडल्यास छपराचे गवतही घेण्याची मुभा त्यांना ताम्रपटाने मिळाली, असे ती आख्यायिका सांगते. बैलांचा आकडा अतिशयोक्त असो वा नसो, गरज कोणाला कोणाची होती हे तिच्यातून स्पष्ट होते. १८०३ साली मराठ्यांशी लढताना आर्थर वेलस्लीची, म्हणजे पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झालेल्या सेनापतीची, सारी भिस्त याच बंजाऱ्यांच्या धान्यावर होती.

मग हा तांडा थांबला कसा? १८७१ मध्ये मुंबईकडून येणारा लोहमार्ग रायचूरला पोहोचला. १८७४ मध्ये वाडीहून सिकंदराबादेस निजामाची रेल्वे सुरू झाली. जी वाट बैल कित्येक आठवड्यांत तुडवीत, ती आगगाडी एका दिवसात कापू लागली. लदेणी बसली. त्याच १८७१ साली ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. एके ठिकाणी न राहणारा माणूस संशयास्पद, ही त्यामागची दृष्टी होती. अनेक भटक्या जमातींवर, आणि काही भागांत बंजाऱ्यांवरही, तो लादला गेला. हजेरी लावल्यावाचून हलता येईना. काल ज्याचे फिरणे राज्याला हवे होते, आज त्याचेच फिरणे गुन्हा ठरले. हा कायदा रद्द होण्यास १९५२ साल उजाडावे लागले.

तांडे गावांच्या कडेला, माळावर, डोंगराच्या उतारावर स्थिरावले. बिदर आणि कलबुर्गीच्या मुलखात त्यांची संख्या मोठी आहे. परंतु बसलेल्या तांड्याला गावाचा दर्जा मिळाला नाही. महसुली दप्तरात मूळ गावाचे नाव असे, तांड्याचे नसे. घर होते, पण ज्या जमिनीवर ते उभे होते तिचा कागद नव्हता. १९५६ साली भाषावार प्रांतरचनेत जुन्या बिदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मराठी मुलखाकडे आले, जहिराबाद आणि नारायणखेड आंध्रात गेले, आणि बिदर, भालकी, औराद, बसवकल्याण म्हैसूर राज्यात राहिले. त्याचा परिणाम असा झाला, की एकाच बोलीचे, एकाच कुळाचे तांडे तीन राज्यांत विभागले गेले. आज लमाण कर्नाटकात अनुसूचित जातीत, महाराष्ट्रात विमुक्त जातीत आणि तेलंगणात अनुसूचित जमातीत मोडतो. ज्यांच्या पूर्वजांना सीमा ठाऊक नव्हत्या, त्यांची सोयरीक आता तीन निरनिराळ्या याद्यांतून जुळते.

आणि सगळ्यांचे फिरणे थांबले आहे असेही नाही. दिवाळी सरली, की या सीमाभागातून आणि शेजारच्या मराठवाड्यातून कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला निघतात. त्यांत लमाणही असतात. आता गोणीच्या जागी टायरगाडी आली आहे. तिच्यावर ज्वारीची पोती, भांडी, चूल, शेळी, कोंबड्या आणि मुले असा सगळा संसार चढतो. फडाजवळ बांबू आणि उसाचे पाचट यांची कोपी उभी राहते. रिकाम्या गाडीखाली दुपारची सावली मिळते. तेथेच कापडाची झोळी बांधून तान्हे मूल निजविले जाते. एका वस्तूने दोन कामे करण्याची ती जुनी हुशारी येथेही दिसते. परंतु हौसेने सोडलेले घर आणि पोटासाठी सोडलेले घर यांत फरक आहे. युरोपातील गृहस्थ सुट्टी संपली की आपल्या पक्क्या घरी परततो. येथील मुलाची शाळा मात्र अर्ध्या वर्षात सुटते, आणि सुटलेली शाळा पुन्हा धरणे किती कठीण असते, हे कोणत्याही शिक्षकास विचारावे. म्हणून गरिबाच्या युक्तीचे कौतुक करताना, तिची गरज त्याला का पडावी, हाही प्रश्न विचारला पाहिजे.

१९ जानेवारी २०२३ रोजी कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड येथे पंतप्रधानांच्या हस्ते ५०,००० हून अधिक कुटुंबांसाठी घरजागेच्या हक्कपत्रांचे वाटप झाले. कलबुर्गी, यादगीर, रायचूर, बिदर आणि विजयपूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे १,४७५ नोंद नसलेल्या वस्त्यांना त्या वेळी महसुली गावांचा दर्जा देण्यात आला होता. लाभार्थ्यांत तांड्यांवरील लमाण मोठ्या संख्येने होते. मळखेड म्हणजे मान्यखेट, राष्ट्रकूट सम्राटांची राजधानी. जेथे एके काळी साम्राज्याचे सिंहासन होते, तेथे आज कागिणा नदीकाठी पडका कोट उरला आहे. दगडांनी बांधलेली नगरी ओस पडली. गोण्यांच्या भिंतींवर जगलेला तांडा मात्र टिकला आणि तेथेच त्याच्या हाती जमिनीचा कागद आला.

हक्कपत्राने जागेची नोंद झाली. इतिहासातील नोंद अजून व्हावयाची आहे. बादशहाच्या हत्तीगाडीतील स्नानगृहे आपल्या ग्रंथांत आहेत; गोणीची वीण, पाल ताणण्याची रीत, बैलांची चाल राखण्याचा हिशेब ग्रंथांत फारच थोडा आहे. तो तांड्यावरील वृद्धांच्या बोलण्यात आणि वृद्धांच्या हातांत आहे. लदेणीचा काळ स्वतः पाहिलेली माणसे आता नाहीत. त्यांच्याकडून ऐकलेली मात्र अजून काही आहेत. सीमाभागातील शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी जवळच्या तांड्यावर जावे, त्यांच्याजवळ बसावे, आणि ते सांगतील ते त्यांच्या बोलीसह लिहून घ्यावे. यासाठी फार मोठी साधने नकोत. एक वही आणि थोडी सवड पुरे आहे.