ऑक्स-फोर्ड आणि पुढच्या चाकांचे ब्रेक



वर्ध्याच्या जुन्या आठवणी निघाल्या म्हणजे एका विलक्षण वाहनाची गोष्ट सांगितली जाते. महात्मा गांधी १९३६ सालच्या एप्रिलअखेरीस वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात राहावयास गेले. गजानन महाराजांचे शेगाव ते निराळे. नावांच्या या घोटाळ्यामुळेच पुढे १९४० साली या खेड्याचे नाव सेवाग्राम असे ठेवण्यात आले. शहरापासून ते सुमारे आठ किलोमीटर. तेथे पाहुण्यांची जा-ये सतत चाले, आणि त्यांची सोय पाहण्याचा भार बहुतांशी शेठ जमनालाल बजाज यांच्यावर असे. बजाजांकडील एका जुन्या फोर्ड मोटारीला बैल जुंपून ती या वाटेवर चालविली जाई, आणि लोकांनी थट्टेने तिचे नाव 'ऑक्स-फोर्ड' ठेविले होते, असे सांगतात. ऑक्स म्हणजे बैल आणि फोर्ड म्हणजे मोटार. इंग्रजी विद्यापीठाच्या नावावरचा हा वऱ्हाडी वळणाचा विनोद ऐकून आपणांस आजही हसू येईल.

परंतु हसू ओसरल्यावर एक प्रश्न मनात उभा राहतो. ही गाडी ओढीत होते बैल. मग तिला थांबवीत कोण होते? ज्यांनी खेड्यातील दमणीतून किंवा रेंगीतून प्रवास केला आहे त्यांना याचे उत्तर सांगावयास नको. गाडीवान कासरा खेचतो, बैल पाय रोवतात, आणि मागून रेटा देणाऱ्या गाडीचा सारा भार जुवाच्या वाटे त्यांच्या मानेवर येतो. उतारावर तर तो भार दुस्सह होतो. साध्या बैलगाडीत ओढण्याचे काम ज्या मानेकडे, थांबविण्याचे कामही त्याच मानेकडे. मनुष्याने चाक शोधून काढले त्यास पाच हजार वर्षे होऊन गेली. पण चाक थांबविण्याची विद्या मात्र त्याने फार उशिरा हाती घेतली. आजच्या भाषणात या उशिरा आलेल्या विद्येचा, आणि विशेषतः पुढच्या चाकांच्या ब्रेकचा, थोडासा इतिहास मी आपणांपुढे मांडणार आहे.

त्यासाठी आपण बैल सोडून फोर्डकडे वळू. हेन्री फोर्ड यांची सुप्रसिद्ध 'मॉडेल टी' मोटार १९०८ साली निघाली आणि १९२७ पर्यंत तिच्या दीड कोटी गाड्या तयार झाल्या. या मोटारीच्या पुढच्या चाकांना ब्रेक मुळी नव्हताच! पायाने दाबावयाचा ब्रेक गिअरच्या पेटीत लागे, आणि हाताच्या दांड्याने मागच्या दोन चाकांतील ब्रेक आवळता येई. दीड कोटी गाड्या अशा रीतीने केवळ मागून धरून ठेवल्या जात होत्या.

यात चूक कोणती, हे समजावयास कोणत्याही यंत्रशाळेत जावयास नको. एस. टी.च्या गाडीत उभे असता चालकाने एकाएकी ब्रेक दाबला, की आपण पुढे झुकतो. मोटारही तशीच पुढे झुकते. तिचे वजन मागच्या चाकांवरून सरकून पुढच्या चाकांवर येते. ज्या चाकावर वजन अधिक, त्याची रस्त्यावरील पकड अधिक. म्हणून थांबविण्याचे निम्म्याहून अधिक काम पुढची चाकेच करू शकतात. मागची चाके त्या क्षणी हलकी झालेली असतात. त्यांवर जोर केला, की ती जागच्या जागी अडकून घसरू लागतात आणि गाडी फिरते.

मग आरंभापासूनच पुढे ब्रेक का बसविले नाहीत? एक कारण यांत्रिक होते. पुढची चाके वळतात आणि खड्ड्यांवर खालीवर होतात. पायाजवळच्या पट्टीपासून चाकापर्यंत लोखंडी सळ्या किंवा तारा नेल्या, तर चाक वळताच त्यांची ओढ बदलणार. एक चाक अधिक आवळले जाणार आणि दुसरे सैल राहणार. दुसरे कारण भीतीचे होते. पुढून ब्रेक लावला तर गाडी उलटेल, अशी अनेकांची समजूत होती. तथापि १९१० च्या सुमारास इटलीतील इसोता फ्रास्कीनी आणि स्कॉटलंडमधील आर्गाइल या कारखान्यांनी चारी चाकांचे ब्रेक करून दाखविले. १९२० नंतर तशा गाड्या वाढू लागल्या, तेव्हा इंग्लंडात त्यांच्या पाठीमागे तांबडा त्रिकोण लावण्याची पद्धत पडली. 'ही गाडी चटकन थांबते, मागच्याने सांभाळून यावे', असा त्याचा अर्थ. पुढची गाडी सुरक्षित झाली की मागच्या जुन्या गाडीस धोका उत्पन्न होतो, हे सत्य त्या त्रिकोणाने प्रथम सांगितले. ते पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे.

सळ्यांची अडचण दूर केली ती द्रवाने. बंद नळीतील द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्वत्र सारखा पोचतो, हा पास्कल या फ्रेंच पंडिताचा सतराव्या शतकातील सिद्धान्त. नळी वाकली तरी दाब बदलत नाही. म्हणजे चाक कितीही वळो, दोन्ही बाजूंस ओढ सारखी. १९२१ च्या ड्यूझेनबर्ग मोटारीत चारी चाकांना असे द्रवाचे ब्रेक आले. फोर्ड कारखान्याने मात्र १९२७ अखेरच्या 'मॉडेल ए' गाडीत चारी चाकांना ब्रेक दिले ते सळ्यांचेच. पुढेही पोलादी सळीवरचा विश्वास सुटावयास दशकाहून अधिक काळ जावा लागला, आणि १९३९ च्या फोर्डमध्ये द्रवाचे ब्रेक एकदाचे बसले.

येथे आपल्या कथेतील खरे नायक पुढे येतात, आणि ते कारखानदार नव्हेत. ते आहेत सामान्य गाडीमालक आणि मिस्त्री. महायुद्धानंतर अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, हौशी तरुणांनी जुन्या फोर्ड स्वस्तात घेऊन त्यांत अधिक शक्तीची इंजिने घालण्यास आरंभ केला. गाडी धावू लागली, पण थांबेना. तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की, १९३९ ते १९४८ पर्यंतच्या नव्या फोर्डचे ब्रेक जुन्या फोर्डच्या पुढच्या आसावर थोड्याशा घडाईने बसतात. मोडीत निघालेल्या नव्या गाडीचे ड्रम, शू आणि सिलिंडर काढून ते जुन्या गाडीस लावण्यात येऊ लागले. धाकट्या भावाचा अंगरखा थोरल्याने घालावा, तसा हा प्रकार. एकाच घराण्यातील मापे पिढ्यानुपिढ्या फारशी बदलत नाहीत, म्हणून तो साधला.

पुढे आणखी एक पायरी आली. ड्रमच्या आत शू दाबले जातात, तेव्हा उत्पन्न होणारी उष्णता आतच कोंडते. लांब उतारावर ड्रम तापून फुगतो आणि ब्रेक जणू हातचे निसटतात. याला तोड म्हणजे उघडी फिरणारी तबकडी आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटणारे पॅड. या डिस्क ब्रेकचे एकस्व इंग्लंडातील फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ सालीच घेतले होते. पण त्याची थोरवी जगास पटली ती १९५३ साली, जेव्हा डनलॉपच्या डिस्क ब्रेकांची जॅग्वार ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जिंकून गेली. १९५५ च्या सित्रोएन डी. एस. गाडीने ते सामान्य कुटुंबाच्या मोटारीत आणले. तेव्हापासून जुन्या गाडीच्या पुढच्या चाकांतील ड्रम काढून नव्या गाडीच्या डिस्क बसविणे हा जगभरच्या मिस्त्रींचा एक नित्याचा उद्योग होऊन बसला आहे.

आता आपण पुन्हा वर्धा जिल्ह्यात येऊ. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातील सेलू, आर्वी या भागांतून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि संपूर्ण ७०१ किलोमीटरचा मार्ग ५ जून २०२५ रोजी खुला झाला. मोटारींस येथे ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा देण्यात आली. बैलगाडीचा वेग ताशी चार किलोमीटर धरला, तर हा वेग तीसपट. परंतु थांबविताना जी शक्ती जिरवावयाची ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तेवढ्याच वजनाला ती नऊशेपट होते! साठाच्या वेगाशी तुलना केली तरी चौपट. या वेगात गाडी एका सेकंदात तेहेतीस मीटर जाते. पाय उचलून ब्रेकवर ठेवीपर्यंतच तेवढे अंतर संपते. पुढची नवी गाडी चटकन थांबली आणि मागची ड्रमवाली जुनी गाडी थांबली नाही, तर काय होईल, हे तांबड्या त्रिकोणाने शंभर वर्षांपूर्वीच सांगून ठेविले आहे.

म्हणून वडिलांच्या वेळची मोटार प्रेमाने बाळगणाऱ्या गृहस्थाने तिला नवे ब्रेक देण्याचा विचार केला, तर तो मी चैनीचा मानणार नाही. मात्र एक इशारा द्यावयास हवा. ब्रेक हा एक भाग नसून ते एक कुटुंब आहे. डिस्कला ड्रमपेक्षा अधिक दाब लागतो. तेव्हा तिच्या जोडीचा मास्टर सिलिंडर आणि बहुधा बूस्टरही आणावा लागतो. पुढची-मागची वाटणी बिघडली आणि मागची चाके आधी अडकली, तर पुढच्या उत्तम डिस्कही गाडीस फिरण्यापासून वाचवू शकत नाहीत. ब्रेकच्या नळीत ठरलेलेच तेल घालावयाचे. साधे इंजिन ऑइल घातले तर आतील रबर फुगून सारे निकामी होते. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम निर्मात्याने ठरविलेल्या रचनेत मन मानेल तसा बदल करू देत नाही. यास्तव जाणता मिस्त्री आणि परिवहन कार्यालय, या दोघांना विचारल्यावाचून पान्ह्याला हात लावू नये.

ऑक्स-फोर्डचा वेग बैलाच्या पावलाइतका होता; म्हणून बैलाची मान तिला पुरली, जरी त्या मुक्या जनावरास ते सुखाचे नव्हते. आपण वेग नव्या रस्त्याचा घेतला आहे. मग थांबविण्याची शक्ती जुन्या काळाची ठेवून कसे चालेल? जितके धावावयाचे, तितके थांबता आले पाहिजे. आणि हा हिशेब रस्त्यावर निघाल्यानंतर नव्हे, घरून निघण्यापूर्वी करावयाचा असतो.